निलगिरीचे तेल आणि दमेकऱ्याची छाती

उत्तन, पाली, चौक ही मीरा-भाईंदरची समुद्राकाठची गावे. वलांड्यांवर बोंबील वाळताहेत, वारा खारा. तिथून भाईंदरला यावे तर स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, पॉलिशची धूळ आणि रस्त्यावरचा धूर. हवा कुंद झाली की दमेकऱ्याची छाती भरून येते, आणि घरातला पहिला हात जातो तो निलगिरीच्या बाटलीकडे, नाहीतर ओव्याच्या पुरचुंडीकडे. याने गुण येतो का हो, असे तुम्ही विचाराल.

आधी ही तेले म्हणजे काय ते पाहू. निलगिरीच्या पानांतून वाफ सोडायची आणि ती थंड करायची, की पाण्यावर तेल तरंगते. त्यातला मुख्य अंश सिनिओल. ओव्यात थायमॉल असते. बाजारात ‘ओव्याचे फूल’ म्हणतात ते हेच. त्यात कापूर आणि पुदिन्याचे फूल मिसळले की तिन्ही घन पदार्थ आपोआप पातळ होतात, तीच आपली अमृतधारा. गुरुजींनी वर्गात हा प्रयोग जरूर दाखवावा, मुलांना मोठी मौज वाटते. बाटली मात्र लगेच कुलपात!

आता दमा. यात श्वासनळ्यांच्या अस्तराला सूज येते, भोवतीचे स्नायू आवळतात, वर कफ साचतो. पुदिन्याचे फूल हुंगले की मोकळे वाटते, ते नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या नसांमुळे. आवळलेली नळी होती तेवढीच अरुंद राहते. मला भीती वाटते ती याच खोट्या आरामाची, कारण त्यात औषधाची वेळ निघून जाते.

तरीपण सिनिओलला अगदीच मोडीत काढू नका. २००३ साली जर्मनीत एक चाचणी प्रसिद्ध झाली. रोज स्टिरॉइड घ्यावे लागणारे ३२ रोगी होते. काहींना सिनिओल २०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, बारा आठवडे दिले. बाकीच्यांना नुसती दिखाऊ कुपी. स्टिरॉइड टप्प्याटप्प्याने उतरवले, तेव्हा सिनिओलवाल्यांचे प्रमाण सरासरी ३६ टक्के कमी करता आले, इतरांचे ७ टक्के. म्हणजे सूज ओसरायला मदत होत असावी. पण रोगी थोडे, कुपी शुद्ध आणि मापाची, डॉक्टर देखरेखीला, आणि मूळ औषध चालूच.

म्हणून घरातली बाटली प्यायची नाही. लहान मुलाच्या पोटात चमचाभर निलगिरी गेली तरी शुद्ध हरपू शकते, झटके येतात. तान्ह्या बाळाच्या नाकाला कापूर-पुदिना लावूच नये. शिवाय काही दमेकऱ्यांना उग्र वासानेच धाप लागते. अशा घरी अगरबत्तीसुद्धा बेताचीच बरी.

पंपाची सवय लागते हा समज काढून टाका. पंपातले औषध थेट नळीत पोचते, म्हणून अगदी थोडे पुरते. वर्गात एखाद्या मुलाला धाप लागली तर त्याला आडवे करू नका, ताठ बसवा, कपडे सैल करा, त्याचा पंप द्या. बोलताना वाक्य तुटू लागले, ओठ निळसर दिसले, तर वाफारा शोधत बसू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा.