विजेची सूट कोणाच्या पदरात पडते?

शेतात ऊस किंवा भात, गोठ्यात दोन म्हशी, आणि घरातला एखादा मुलगा उधन्याच्या किंवा सचिनच्या यंत्रमागावर. सुरत जिल्ह्यात आणि शेजारच्या खानदेशात अशी घरे आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. काहींनी पुढे पाऊल टाकून स्वतःचे चार-आठ माग घातले आहेत. कोणाची पिठाची गिरणी आहे, कोणाची भात सडण्याची, कोणाचा तेलघाणा. शेतीपंपाच्या बिलाची सवय असलेल्या माणसाच्या हाती अशा धंद्याचे बिल प्रथम येते, तेव्हा त्याला घाम फुटतो. मग तो चौकशी करू लागतो, की वीज वाचवणाऱ्याला सरकार व वीज कंपनी काही सूट देतात असे ऐकले, ते खरे काय?

ते खरे आहे. परंतु ही सूट गरज पाहून मिळत नाही. मोजमाप पाहून मिळते. ज्याच्याजवळ कागदावर हिशेब आहे त्याला ती मिळते, आणि ज्याच्याजवळ नाही तो पात्र असूनही मागे राहतो. म्हणून ही सूट कोणत्या वाटांनी येते व तिच्यासाठी आधी काय करावे लागते, ते येथे पाहू.

शेतीचे बिल आणि धंद्याचे बिल

प्रथम एक फरक ध्यानात घ्यावा. गुजरातमध्ये १९८७ साली शेतीपंपासाठी मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर ठोक आकारणी सुरू झाली. पंप दोन तास चालो की आठ तास, बिल तेवढेच. त्याच काळात अहमदाबादच्या एका सहकारी व्यवस्थापन संस्थेतील डॉ. एस. एम. पटेल यांनी दाखवून दिले होते, की पंपाचा फूटव्हॉल्व्ह व पाइप बदलले तरी पुष्कळ वीज वाचते. पाण्याला अडवणारा जड फूटव्हॉल्व्ह आणि अरुंद, गंजका पाइप यांमुळे मोटरीचा जोर पाणी वर चढवण्यात न जाता घर्षणात जातो. पण ठोक बिल भरणाऱ्याला वाचलेल्या युनिटाचा पैसा दिसत नव्हता. खर्च त्याचा आणि बचत वीज मंडळाची, अशी स्थिती होती. जेथे युनिटाला किंमत नाही तेथे बचतीला उत्साह येत नाही.

याचे उलट उदाहरण खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावचे आहे. तेथील ६ शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली आणि २०१६ पासून ती उरलेली वीज मध्य गुजरात वीज कंपनीला विकू लागली. न वापरलेल्या युनिटाचे पैसे मिळू लागल्यावर पाणी व वीज जपून वापरण्याला अर्थ आला. पुढे २०१८ मध्ये गुजरात सरकारने याच विचाराची सूर्यशक्ती किसान योजना आणली.

गिरणीच्या किंवा मागाच्या मीटरवर मात प्रत्येक युनिटाला किंमत आहेच. तेथे वाचलेले युनिट म्हणजे रोख पैसा. सरकारची सूट ही त्यावरची भर होय.

बिलातली सूट

मोटर चालते तेव्हा ती दोन प्रकारची वीज ओढते. एक प्रत्यक्ष काम करते; दुसरी मोटरीतले चुंबकत्व उभे करते, पण काम करीत नाही. गाडीचा एक बैल सरळ ओढतो व दुसरा तिरका जातो असे समजा. दोघेही दमतात, पण गाडी पुढे जाते ती सरळ लागलेल्या जोरावर. एकूण जोरापैकी कामाला लागलेल्या भागाला पॉवर फॅक्टर म्हणतात. ६० किलोवॅटचे काम करताना पॉवर फॅक्टर ०.७५ असेल, तर कंपनीच्या तारांवर ८० केव्हीएचा भार पडतो. योग्य मापाचे कपॅसिटर बसवून तो ०.९५ केला, तर तेच काम सुमारे ६३ केव्हीएत होते.

म्हणून वीज कंपन्या चांगल्या पॉवर फॅक्टरला सूट आणि वाईटाला दंड लावतात. दक्षिण गुजरात वीज कंपनीच्या २०२३-२४ च्या उच्चदाब दरपत्रकात असा नियम होता: पॉवर फॅक्टर ९५ टक्क्यांच्या वर गेला, की वरच्या प्रत्येक टक्क्याला ऊर्जा आकारावर अर्धा टक्का सूट. तो ९० च्या खाली गेला, की ८५ पर्यंत प्रत्येक टक्क्याला एक टक्का दंड, आणि ८५ च्या खाली त्याशिवाय प्रत्येक टक्क्याला दोन टक्के. एखाद्या कारखान्याचा ऊर्जा आकार महिना २ लाख रुपये असेल व पॉवर फॅक्टर ९९ असेल, तर सूट ४,००० रुपये झाली. तोच पॉवर फॅक्टर ८० असेल, तर दंड ३०,००० रुपये. सूट लहान आणि दंड मोठा आहे, हे यावरून दिसते.

हा नियम उच्चदाबाचा आहे. लघुदाबावर ४० किलोवॅट व त्याहून अधिक भाराच्या जोडणीला त्याच दरपत्रकात रिॲक्टिव्ह युनिटांचा, म्हणजे त्या तिरक्या बैलाचा, वेगळा आकार होता. चार-आठ मागांचा मालक या दोन्हींत सहसा बसत नाही. त्याची बचत युनिटांत आहे. सुरत शहराच्या मोठ्या भागाला टॉरेंट पॉवर वीज पुरवते. आपली जोडणी कोणाची व कोणत्या वर्गाची हे बिलावर छापलेले असते. त्यानुसार चालू वर्षाचे दरपत्रक मागून घ्यावे.

येथेच एक इशारा. बाजारात प्लगात खोचायची एक डबी ‘घरचे बिल निम्मे होईल’ असे सांगून विकतात. डबीत बहुधा एक छोटा कपॅसिटर असतो. घरगुती मीटर प्रत्यक्ष कामाची युनिटेच मोजतो, म्हणून तिने घरचे बिल उतरत नाही. ते पैसे वाया जातात.

वेळेप्रमाणे दर

२०२३ साली केंद्र सरकारने वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. तीनुसार १० किलोवॅटहून अधिक मागणी असलेल्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून, आणि शेती सोडून बाकीच्यांना १ एप्रिल २०२५ पासून, दिवसाच्या वेळेप्रमाणे दर लावायचे ठरले. सूर्यप्रकाशाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी, आणि गर्दीच्या तासांत उद्योगाला किमान २० टक्के जास्त, असे तत्त्व आहे. प्रत्यक्ष तास व दर राज्याचा नियामक आयोग ठरवतो, आणि त्यासाठी वेळ नोंदवणारा मीटर लागतो. आपल्या जोडणीला असे दर लागू असतील, तर भात सडणे, दळण काढणे, टाकीत पाणी चढवणे ही कामे दुपारी उरकून घेता येतात. यात नवे यंत्र लागत नाही.

यंत्र बदलण्यासाठी मदत

यंत्रमागासाठी २०१७ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या वस्त्रोद्योग व ऊर्जा मंत्रालयांनी ‘साथी’ हा उपक्रम जाहीर केला. देशात तेव्हा २४ लाख ८६ हजार साधे यंत्रमाग होते आणि बहुतेकांचे तंत्र जुने होते. सरकारी कंपनी ईईएसएलने कमी विजेचे माग, मोटरी व रॅपियर किट एकगठ्ठा घ्यावेत, छोट्या मालकाला आरंभी पैसे न घेता द्यावेत, आणि त्याने ४ ते ५ वर्षांत हप्त्याने फेड करावी, अशी ती कल्पना. प्रात्यक्षिकासाठी इरोड व इचलकरंजीबरोबर सुरतेचेही नाव होते. यातला विचार ध्यानात ठेवण्याजोगा आहे: हप्ता वाचलेल्या विजेतून भरला जावा, घरातून नव्हे.

अलीकडची योजना ‘अदिती’ या नावाने ओळखली जाते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ही योजना १५ जुलै २०२५ रोजी पानिपत येथे सुरू झाली. तिला १,००० कोटी रुपये ठेवले असून मुदत २०२५-२६ ते २०२७-२८ आहे. बचतीचे यंत्र घेण्यासाठी काढलेल्या कर्जावर सूक्ष्म व लघु उद्योगांना ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के व्याजाची सवलत मिळते. १० लाखांच्या कर्जावर ५ टक्के म्हणजे पहिल्या वर्षी सुमारे ५०,००० रुपये. कापड, अन्नप्रक्रिया, मासळी, विटा असे १४ उद्योग यात आहेत. उद्यम नोंदणी हवी, आणि किमान १० टक्के ऊर्जा वाचेल हे दाखवता आले पाहिजे.

गुजरात सरकारच्या २०१२ व २०१९ च्या वस्त्रोद्योग धोरणांतही ऊर्जा-तपासणीला व बचतीच्या यंत्राला साहाय्य होते. २०२४ मध्ये नवे धोरण आले आहे. आज आपल्याला त्यातले काय लागू पडते, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारावे.

आधी हिशेब, मग खरेदी

किती वाचेल हे आधी कसे कळावे? एक साधे उदाहरण घेऊ. पाच हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण भाराने चालते, तेव्हा ती ३.७३ किलोवॅटचे काम देते. अनेकदा जळलेली व स्वस्तात वायंडिंग केलेली मोटर ७८ टक्के कार्यक्षमतेची आहे असे धरू. ती ४.७८ किलोवॅट ओढेल. ८८ टक्क्यांची चांगली मोटर ४.२४ ओढेल. फरक अर्ध्या किलोवॅटहून थोडा अधिक.

आता, गिरणी दिवसाला १० तास आणि वर्षाला ३०० दिवस चालत असेल, तर सुमारे १,६०० युनिटे वाचली. युनिट ७ रुपये धरले, तर ११,२०० रुपये. दुकानदाराने सांगितलेल्या किमतीला या आकड्याने भागावे, म्हणजे किती वर्षांत पैसे फिटतील ते कळेल. तीच गिरणी दिवसाला दोनच तास चालत असेल, तर बचत सव्वादोन हजारांच्या आसपास. तेथे चांगली मोटर काढून नवी घेण्यात अर्थ नाही; जुनी जळेल तेव्हा मात्र वायंडिंगला न देता बदलावी. सूट आहे म्हणून खरेदी करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

हाताशी ठेवावी अशी शिस्त पुढीलप्रमाणे:

१. मागील १२ महिन्यांची बिले एका फायलीत लावावीत. महिन्याची युनिटे, मागणी व पॉवर फॅक्टर वहीत उतरावेत.

२. त्याच वहीत महिन्याचे उत्पादनही लिहावे: किती मीटर कापड, किती क्विंटल दळण. युनिटे कमी झाली पण कामही कमी झाले, तर ती बचत नव्हे.

३. फुकटची कामे आधी करावीत. सैल पट्टा ताणावा, बेअरिंगला ग्रीस घालावे, धूळ झाडावी, रिकामे चालणारे यंत्र बंद करावे, हवेच्या नळीतली गळती बुजवावी.

४. मोठा खर्च असेल, तर ब्युरोने प्रमाणित केलेल्या ऊर्जा-तपासनिसाकडून पाहणी करून घ्यावी. एकट्याला परवडत नसेल, तर एका गाळ्यातील चार-पाच मालकांनी मिळून बोलवावे.

५. अर्ज आणि मंजुरीचे नियम वाचल्याशिवाय यंत्र घेऊ नये. आधी घेतले व मागून अर्ज केला, तर सूट नाकारली जाऊ शकते.

६. पक्के बिल, जीएसटी क्रमांक व यंत्राच्या पाटीवरील कार्यक्षमतेचा आकडा जपून ठेवावा. कच्च्या पावतीवर स्वस्त मिळालेली मोटर योजनेच्या दारात उभी राहत नाही.

७. ‘सूट मिळवून देतो’ म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या दलालाला एक पैसाही देऊ नये. बँक, वीज कंपनी व उद्योग केंद्र येथे स्वतः जावे.

जिवाची काळजी

कपॅसिटर बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते. वीज बंद केली म्हणून लगेच हात लावणारा माणूस जबर धक्का खातो. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. अर्थिंग दर पावसाळ्यापूर्वी तपासावे. तापणारी मोटर, करपल्याचा वास, काळी पडलेली वायर ही वाया जाणाऱ्या विजेची खूण आहे, आणि आगीचीही. मागाच्या शेडमध्ये सूत व कापडाची धूळ असते; तिला ठिणगी पुरते. तेथे रात्रपाळीला आपलीच मुले उभी असतात.

सुरतेच्या मोठ्या रंगाई-छपाई कारखान्यांत हिशेबासाठी पगारी माणसे असतात, म्हणून अशा योजना त्यांच्यापर्यंत सहज पोहोचतात. चार मागांच्या मालकाला तो माणूस परवडत नाही. पण त्याच्या घरात शाळेत जाणारी मुले आहेत आणि दहा रुपयांची वही आहे. दर महिन्याला बिल आले की मुलाकडून किंवा मुलीकडून पाच आकडे लिहून घ्यावेत. वर्षभराने तीच वही बँकेच्या टेबलावर ठेवता येईल.