फाशीच्या डोंगरावरची देवराई

सातपूरचा फाशीचा डोंगर वनखात्याच्या ताब्यातला, पण तिथली देवराई नाशिककरांच्या श्रमदानातून उभी राहिली आहे. ५ जून २०१५ रोजी, जागतिक पर्यावरणदिनी, ‘आपलं पर्यावरण’ संस्थेच्या हाकेला हजारो नागरिक धावून आले आणि एकाच दिवसात सुमारे ११ हजार देशी रोपे लागली.

सह्याद्रीतल्या जुन्या देवराया देवाच्या नावाने राखल्या गेल्या. तिथे कुऱ्हाड चालत नसे. शहरातल्या देवराईला ती धाक घालणारी श्रद्धा नाही. तिथे राखण करावी लागते ती स्वयंसेवकांनाच.

लागवड एका दिवसाची असते, संगोपन वर्षांचे. नाशिकचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात ओसरतो आणि पुढचे सात-आठ महिने मुरमाड उतारावर ओल टिकत नाही. पहिली दोन-तीन वर्षे रोपांना पाणी द्यावे लागते, आळी करावी लागतात, बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे लागते. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते, म्हणून आधीच जाळरेषा काढावी लागते. हे सारे काम दिसत नाही, त्याचे फोटो निघत नाहीत. तरी खरे वन त्यातूनच वाढते.

रोपांची निवडही तितकीच मोलाची. गिरिपुष्पासारखे परदेशी झाड भराभर वाढते, पण स्थानिक पाखरांना त्याचा आधार तुटपुंजा. पळस, काटेसावर फुलली की मधासाठी पक्ष्यांची झुंबड उडते. वड-उंबराची फळे तर कित्येक पक्ष्यांचे अन्न. लावणे-राखणे नागरिकांचे असले, तरी जमिनीचा हक्क आणि कायदेशीर संरक्षण मात्र वनखात्याकडेच राहते.