कार्ड खाटेचं, खर्च गोळ्यांचा

पैठण तालुक्यातल्या गटांच्या वह्या आम्ही दर महिन्याला बघतो. कर्जाच्या कारणात 'दवाखाना' हा शब्द वारंवार येतो. खोलात विचारलं की कळतं, बहुतेक वेळा ते ऑपरेशन नसतंच. बीपीच्या, शुगरच्या, थायरॉइडच्या गोळ्या असतात. आणि त्याच घरात पाच लाखांचं आयुष्मान कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवलेलं असतं. मग बाया विचारतात, "ताई, विमा आहे तरी पैसे का जातात?" आज त्यावरच बोलू.

आपल्या राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, पुढे तिचंच नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. आता दोन्ही एकत्र चालतात आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण हा विमा भरती झालेल्या पेशंटचा आहे. ठरलेल्या आजारासाठी, यादीतल्या दवाखान्यात खाट मिळाली, की डॉक्टर, तपासण्या, औषधं, जेवण सगळं त्यात येतं. फुले योजनेत सुटी झाल्यावर १० दिवसांपर्यंतची औषधंही येतात. अकराव्या दिवशी मेडिकलवर उभं राहिलं, की पैसे आपले. भरती न होता नुसती चिठ्ठी लिहून घेतली, तर पहिल्या दिवसापासूनच आपले.

समजा बीपी आणि शुगरच्या गोळ्यांना महिन्याला ६०० रुपये लागतात. वर्षाचे झाले ७२००. गटात महिना १०० रुपये टाकणाऱ्या बाईची ती सहा वर्षांची बचत. ऑपरेशनचा खर्च सगळ्यांना दिसतो, नातेवाईक धावून येतात, कार्डही चालतं. गोळ्यांचा खर्च मात्र कुणाला दिसत नाही. तो किराणातून निघतो. आणि तंगी आली की घरातली बाईच आधी आपली गोळी बंद करते, नाहीतर अर्धी मोडून घेते. नवऱ्याची, सासूची चालू राहते. हे आम्ही इतक्या घरांत पाहिलंय, की आता बैठकीत सरळ विचारतो, "तुमची गोळी रोज चालू आहे का?"

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड नावाच्या संस्थेनं एक मोठा प्रयोग केला. काही कुटुंबांना पूर्ण मोफत उपचाराचा विमा दिला, काहींना खर्चाचा वाटा स्वतःच्या खिशातून भरायला लावला. ज्यांना पैसे भरावे लागले त्यांनी दवाखाना आणि औषधं कमी केली. पण नको असलेली औषधं तेवढी टाळली, असं झालं नाही. गरजेची औषधंसुद्धा सुटली. गरीब आणि बीपी असलेल्या लोकांचं बीपी मोफतवाल्यांमध्ये जास्त आटोक्यात राहिलं. म्हणजे शिकलेल्या देशातही खिशात हात घालायची वेळ आली, की माणूस गोळी सोडतो. आपल्या बायांना 'निष्काळजी' म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं.

आणखी एक गोष्ट. विमा खाटेलाच पैसे देतो, म्हणून "भरतीच व्हा, कार्डात बसेल" असा सल्ला मिळतो. गरज असेल तर जरूर व्हा. पण दोन दिवस सलाईन लावून घरी आलं, तरी गोळ्या जन्माच्या राहतातच. उलट रोजची गोळी सुटली, की पुढे लकवा, किडनी, हृदय, आणि मग खरंच भरती. पाच लाखांचं कार्ड त्या वेळी कामाला येईल, पण तोवर बाईचा एक हात गेलेला असतो.

मग गोळ्या कुठून आणायच्या? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, उपचार मोफत आहेत. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय सगळी त्यात आली. संभाजीनगरची घाटी मात्र वैद्यकीय शिक्षण खात्याची, तिथले नियम वेगळे. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर सरकारी दवाखान्यात तपासतात आणि गोळ्याही देतात. महिनाभराच्या एकदम मागा, म्हणजे दर आठवड्याला मजुरी बुडवून जायला नको. गोळ्या संपल्या म्हणून सांगितलं, तर गप्प परत येऊ नका. गावच्या ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत बचत गटाच्या बाया असतात, त्यांनी तो विषय बैठकीत लिहून घ्यावा.

बाहेरूनच घ्यायची वेळ आली, तर पाकिटावर कंपनीच्या नावाशेजारी बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं. अॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन असं. मुलीकडून वाचून घ्या. तेच औषध जनऔषधी केंद्रात निम्म्याहून कमी भावात मिळतं. बदलण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवा, इतकंच.

एक विमा मात्र रोजच्या गोळ्याही देतो. आपल्या पोरांपैकी कितीतरी जण चितेगाव, बिडकीनकडच्या कंपन्यांत जातात. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि कंपनीला कायदा लागू असेल, तर ईएसआय कापला जातो. कामगाराचे पगाराच्या पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. त्यात कामगार, बायको, मुलं आणि अटीत बसणारे अवलंबून आई-वडील यांना भरती न होताही औषध मिळतं. पगारपत्रकात कपात दिसते का, कुटुंबाची नावं चढवलीत का, हे आज संध्याकाळीच विचारा. कपात होऊनही आईचं नाव न चढवलेली घरं आम्हाला भेटलीत.

भरती असताना "हे औषध बाहेरून आणा" असं कुणी म्हटलं, तर आधी योजनेच्या टेबलावरच्या आरोग्यमित्राला गाठा. पावती फेकू नका. फुले योजनेचा फोन १५५३८८, आयुष्मानचा १४५५५. दोन्हींना पैसे पडत नाहीत. घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल, तर उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून त्यांचं वेगळं वय वंदना कार्ड निघतं. आधार घेऊन जा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घरातल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि मेडिकलची बिलं आणावीत. कर्जाच्या वहीत 'दवाखाना' या एका शब्दाऐवजी 'भरती' आणि 'गोळ्या' असे दोन रकाने आखून आम्ही ती सोबत आणतोच.