डागाला कारण हवं

वाळूजच्या कारखान्यांत रंगाच्या शॉपचा नियम सरळ असतो: डाग दिसला की गाडी मागे. बजाज ऑटोचा कारखाना तिथं १९८५ मध्ये आला, शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या मोटारी बनू लागल्या, आणि छत्रपती संभाजीनगरात धुळीचा कण, रंगाचा ओघळ, छटेतला फरक हातभर अंतरावरून ओळखणारे डोळे तयार झाले. त्याच शहरात कुणी दहा सेंटिमीटर रुंदीच्या प्लास्टिकच्या विमानाला आधी निर्दोष रंग देतं आणि मग त्यावर तेलाचे ओघळ, काजळी, धूळ आणि उडालेल्या रंगाचे टवके स्वतःच्या हातानं उमटवतं, तर ते वाळूजच्या नजरेला उलटंच वाटणार. या छंदाचं नाव स्केल मॉडेलिंग. त्यातला शेवटचा आणि सगळ्यांत फसवा टप्पा म्हणजे वेदरिंग: ऊन, पाऊस, इंधन आणि माणसांचा वावर यांनी विमानावर जे होतं, ते रंगानं दाखवणं.

छंद जुना आहे. १/७२ हे प्रमाण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच इंग्लंडमध्ये रूढ झालं होतं. युद्धकाळात आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे सैनिकांना ओळखता यावं म्हणून त्याच मापाची मॉडेलं वापरली गेली. १९५३ मध्ये एअरफिक्सनं स्पिटफायरचं स्वस्त प्लास्टिक किट काढलं आणि विमानं शाळकरी मुलांच्या टेबलावर उतरली. रंगाचा विचार मात्र नंतर आला. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या शेपर्ड पेनच्या दृश्यरचनांनी आणि ऐंशीच्या दशकात बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडनच्या मॉडेलांनी दाखवून दिलं, की नवं कोरं मॉडेल खेळण्यासारखं दिसतं आणि वापरलेलं दिसणारं मॉडेल खऱ्यासारखं. पुढे स्पॅनिश मॉडेलरांनी तेलरंग, पिगमेंट आणि छटांचे थर यांचं एक शास्त्रच उभं केलं. आज एअरफिक्सच्या कित्येक खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ छापलेलं असतं.

मराठी मॉडेलरनं पहिलं विमान कोणतं घ्यावं, याचं उत्तर फार लांब नाही. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला तोच मिग-२१ साठी. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला अशी वाटणी होती. एफएल, एम आणि बिस अशा तीन पिढ्यांची मिळून साडेसहाशेच्या आसपास विमानं या कंपनीनं भारतात बांधली. वायुदलात मिग-२१ आलं १९६३ मध्ये आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला निरोप दिला गेला. बासष्ट वर्षांत त्यानं चंदेरी पत्रा, हिरवी-तपकिरी छद्मरंगसंगती आणि शेवटी करड्या छटा असे सगळे पोशाख घातले. वेदरिंग शिकायला इतकं सोयीचं विमान दुसरं शोधून सापडणार नाही.

खऱ्या मिगच्या पंखांची रुंदी ७.१५ मीटर. १/७२ मध्ये ती जेमतेम १० सेंटिमीटर होते, १/४८ मध्ये १५. हे गणित रंगालाही लागू पडतं आणि पुष्कळ मॉडेलं तिथंच फसतात. मॉडेलवर चढलेला ०.०३ मिलिमीटरचा थर बहात्तर पटीनं मोजला तर दोन मिलिमीटरहून जाड भरतो. खऱ्या विमानावरचा रंग मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. म्हणून ब्रशऐवजी एअरब्रश. ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरचं नोझल, पंधरा ते वीस पीएसआय दाब, रंग दुधाइतका पातळ, आणि एका जाड हाताऐवजी चार फिके हात.

छटेचंही तसंच. १/७२ चं मॉडेल फूटभरावरून पाहणं म्हणजे खरं विमान साधारण बावीस मीटरवरून पाहणं. तेवढ्या अंतरात हवेमुळे रंग फिका दिसतो. त्यामुळे कारखान्याच्या नमुन्याशी तंतोतंत जुळवलेला गडद हिरवा मॉडेलवर काळपट वाटतो. अनुभवी हात त्यात थोडा पांढरा किंवा पिवळसर मिसळतो, आणि विमान जितकं लहान तितकं हे मिश्रण वाढवतो.

मराठवाड्याची हवा या कामात स्वतःची अट घालते. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की ॲक्रिलिक रंग नोझलच्या टोकावरच वाळतो, फवारा थुंकू लागतो आणि पंखावर खरखरीत पूड बसते. मग रंगात वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे थेंब टाकायचे, नोझलचं टोक घडोघडी पुसायचं आणि काम पहाटे उरकायचं. जुलैत त्रास उलटा. पावसाळी दमट हवेत लॅकर फवारलं की त्यातलं थिनर झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प धरतं आणि चकचकीत थराला दुधाळ झाक येते. मोटारी रंगवणाऱ्या गॅरेजवाल्यांना ही तक्रार पाठ आहे. त्यांच्याकडचं एनसी थिनर मात्र मॉडेलरनं जपून वापरायचं, कारण पॉलिस्टायरीनचं प्लास्टिक त्यात विरघळतं.

मूळ रंग वाळला की विमान आधी चकचकीत करायचं, मग पुन्हा मॅट. हा उलटसुलट प्रवास डीकलसाठी, म्हणजे चिकटवायच्या खुणांसाठी असतो. मॅट पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो. त्यावर तिरंगी वर्तुळाचं पातळ डीकल चिकटवलं की खाली हवेचे कण अडकतात आणि कडेला चांदीसारखी चकाकी येते. चकचकीत वार्निशवर तसं होत नाही. डीकल मऊ होऊन पत्र्याच्या सांध्यांत उतरावं म्हणून सेटिंग द्राव लावतात. तो हाताशी नसेल तर काहीजण पांढरा व्हिनेगर वापरून पाहतात.

यानंतर वेदरिंग सुरू होतं, आणि त्याचा पाया रसायनशास्त्राचा आहे. वाळलेल्या ॲक्रिलिकवर टर्पेंटाइनचा परिणाम होत नाही, म्हणून त्यावर तेलरंगाचा पातळ वॉश निर्धास्त सोडता येतो आणि पसंत नसेल तर पुसताही येतो. इथं शहराच्या औरंगपुऱ्यातल्या स्टेशनरीच्या दुकानाचा उपयोग होतो. दांडेकरांनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या कॅम्लिनच्या ‘कॅमल’ तेलरंगांची बर्न्ट अंबर आणि काळ्या रंगाची ट्यूब बरंच काम भागवते. रंग आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवायचा. पुठ्ठा त्यातलं जवसाचं तेल शोषून घेतो आणि रंग लवकर, मॅट वाळतो. मग टर्पेंटाइनमध्ये कालवून टोकदार ब्रशनं सांध्याला नुसता स्पर्श करायचा, द्रव रेषेतून आपोआप धावतो.

मात्र सगळ्या रेषा एकसारख्या काळ्या केल्या की विमान चारखान्याचं कापड दिसू लागतं. मॉडेलवर कोरलेली ०.२ मिलिमीटरची रेषा खऱ्या विमानावर चौदा मिलिमीटरची फट ठरेल, आणि एवढ्या फटी असलेलं मिग कुणी उडवणार नाही. म्हणून हलणाऱ्या भागांच्या, म्हणजे एलेरॉन, फ्लॅप आणि रडरच्या कडा गडद, वारंवार उघडणारी झाकणं मध्यम, आणि कायमचे सांधे जेमतेम दिसतील इतके.

इथून पुढे रंगकाम मागे पडतं आणि चौकशी सुरू होते. प्रत्येक डागाला विचारायचं: तू इथं का? मिगच्या पोटाखालून झिरपलेलं तेल उडताना हवेच्या दाबानं मागे ओढलं जातं, म्हणून ओघळ शेपटीकडे जातो आणि जाता जाता विरतो. जमिनीवर उभ्या विमानात तोच थेंब सरळ खाली येतो. दोन्ही खुणा एकाच विमानावर असू शकतात, पण दोन्हींची दिशा वेगळी. पायलटची शिडी कॉकपिटला डावीकडून लागते, तेव्हा तिथल्या कडेचा रंग घासलेला आणि समोरचा उजवा भाग त्या मानानं शाबूत. पोटाखालची इंधनटाकी विमानागणिक बदलली जाते, त्यामुळे तिची छटा विमानाशी जुळलीच पाहिजे असं नाही. बिसच्या पोटाखाली २३ मिलिमीटरची दुहेरी नळीची तोफ असते आणि तिच्या मागे बारुदाची काजळी शोभते. एफएलला अंगची तोफच नव्हती, गरजेला खाली गन पॉड लावत. एफएलच्या नितळ पोटावर कुणी काजळी फासली, तर जाणकार बघणारा तिथंच थांबतो.

शेपटीच्या टोकाला आफ्टरबर्नरच्या भोवती उष्णता सोसणारा पत्रा उघडा असतो. तापलेलं पोलाद तापमान वाढेल तसं आधी गवती पिवळं, मग तपकिरी, जांभळं आणि निळं होतं. हा क्रम उलटा लागला तर रंग कितीही सुंदर असला तरी इंजिन खोटं ठरतं. पारदर्शक तपकिरी आणि निळा फवारा अगदी पातळ देत हा भाग उभा करतात. नाकाचा शंकू आणि उभ्या शेपटीचं वरचं टोक मात्र धातूचं नाही. त्यामागे रडार आणि ॲन्टेना दडलेले असतात. तिथं रंग कितीही खरवडला तरी खालून चांदी निघणार नाही.

रंगाचे टवके दाखवायची युक्ती स्वयंपाकघरातली आहे. आधी ॲल्युमिनियमचा रंग, त्यावर पाण्याच्या थेंबावर टाकलेलं मीठ, वर छद्मरंग, आणि वाळल्यावर मीठ खरवडून काढायचं. मिठाच्या खड्याखाली चंदेरी पत्रा उघडा पडतो. मिठाऐवजी हेअरस्प्रेचा थर देऊन वरचा रंग ओल्या ब्रशनं घासला तर टवके अधिक बारीक निघतात. ही युक्ती सगळ्यांत शोभते ती १९७१ च्या युद्धातल्या मिगला. मुळात उघड्या चंदेरी पत्र्याची असलेली एफएल विमानं त्या सुमारास घाईनं हिरव्या-तपकिरी रंगात झाकली गेली, आणि नमुने विमानागणिक वेगळे झाले. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागणाऱ्यांत याच जातीची विमानं होती. कारखान्यात नीट प्रायमर देऊन चढवलेला रंग आणि युद्धाच्या तोंडावर थेट पत्र्यावर मारलेला रंग सारखे झिजत नाहीत. पहिला फिका पडतो, दुसऱ्याचे पोपडे निघतात.

चाकांवर माती दाखवायची वेळ आली की गोदाकाठचा मॉडेलर हमखास अंगणात बघतो. पण मिग-२१ संभाजीनगरच्या काळ्या मातीत तैनात नव्हतं. त्याचं शेवटचं स्क्वाड्रन राजस्थानात बिकानेरजवळच्या नाल तळावर होतं, त्याआधी बाडमेरच्या उत्तरलाईतही. तिथली धूळ फिकट, वाळूच्या रंगाची. आसामातल्या तेजपूरला मिगवर वैमानिक तयार होत, तिथं पाऊस, दमट हवा आणि शेवाळी डाग. शिवाय खऱ्या मातीचा कण मापाला मोठा पडतो: ०.१ मिलिमीटरचा कण १/७२ मध्ये सात मिलिमीटरचा खडा होतो. म्हणून सॉफ्ट पेस्टलची कांडी सँडपेपरवर घासून वस्त्रगाळ पूड करायची आणि ती टर्पेंटाइनच्या थेंबानं टायरवर बसवायची.

पुरावा शोधायला जायचं तर जपून. गावोगावच्या चौकांत आणि संस्थांच्या दारात उभी केलेली निवृत्त विमानं पावसात भिजतात, उन्हात पांढरी पडतात आणि कुणीतरी पुन्हा चकचकीत ऑइल पेंट मारतं. ती झीज सेवेतली नव्हे, निवृत्तीनंतरची. गोव्यात बोगमाळोच्या वाटेवर १९९८ मध्ये सुरू झालेल्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर पाहायला मिळतात. पत्र्यांची मांडणी, चाकांच्या कप्प्यांतल्या नळ्या, पायऱ्यांच्या जागा समजून घ्यायला त्यासारखं ठिकाण नाही. रंगासाठी मात्र २०१६ पर्यंत उडणाऱ्या सी हॅरियरचे त्या काळातले फोटो हवेत. समुद्रावरचं विमान गोड्या पाण्यानं धुतात आणि खाऱ्या हवेनं रंग सुटला तिथं लगेच नव्या रंगाचा हात मारतात. त्यामुळे त्यावर धूळ कमी आणि जरा वेगळ्या छटेची ठिगळं जास्त.

मिग गेलं, ओझर मात्र चालू आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथं जुळवलेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात उडालं. मॉडेलरांपुढे त्यानं नवाच पेच टाकला आहे. तेजसच्या सांगाड्याचं वजनानं सुमारे ४५ टक्के सामान कार्बन कॉम्पोझिटचं आहे आणि बाहेरच्या पृष्ठभागाचा बहुतांश भाग त्याचाच. त्याच्या पंखावरचा रंग उडाला तर खालून ॲल्युमिनियम नव्हे, आधी प्रायमर आणि मग काळपट कॉम्पोझिट दिसेल. मीठ, हेअरस्प्रे आणि चंदेरी रंग या मिगवर घोटलेल्या सवयी तिथं चुकीच्या ठरतात. पत्र्यांचे सांधे कमी, रिव्हेट कमी, करड्या छटा एकमेकींच्या जवळ. या विमानावर उन्हानं उडालेली छटा, झाकणांच्या कडांना हाताळण्याचे डाग आणि एक्झॉस्टची काजळी एवढ्याच खुणांवर काम भागवायचं आहे, आणि त्यातली कोणती खूण कुठं पडते हे तेजसच्या तळांवरून येणारे फोटो आता हळूहळू सांगू लागले आहेत.