चाक, आस आणि घर्षण : एका खेळण्यातील विज्ञानपाठ

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील मॅनहॅटन बीच या गावी १९५३ साली डॉन मर्फी या कबमास्टरांनी लहान बालवीरांसाठी लाकडी मोटारींची शर्यत योजिली. ‘पाइनवुड डर्बी’ या नावाने अशा शर्यती तेथे आजही भरतात. पाइनच्या ठोकळ्यातून गाडी कोरावयाची, खिळ्यांच्या आसांवर प्लॅस्टिकची चार चाके बसवावयाची आणि उतारावरून ती सोडावयाची. गाडीस यंत्र नसते. वजनाची मर्यादा बहुधा ५ औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम. उतारही सर्वांस एकच. मग एक गाडी पुढे जाते व दुसरी रेंगाळते, ती का? याचे एक मोठे कारण चाक व आस यांच्यातील घर्षणात सापडते.

चाक फिरते तेव्हा त्याच्या छिद्राची आतील बाजू खिळ्यावर घासते. या घासण्याने गतीचा काही अंश उष्णतेत खर्ची पडतो. तो कमी करण्याचे उपाय पुढीलप्रमाणे :

१. खिळ्याच्या माथ्याखाली धातूचे बारीक कंगोरे राहिलेले असतात. ते कानशीने काढावे. नंतर ओल्या एमरी कागदाने, आधी जाड व मग अधिकाधिक बारीक, खिळा आरशासारखा गुळगुळीत करावा.

२. चाकावरील साच्याची रेघ हलकेच घासावी. अधिक घासल्यास चाकाची गोलाई बिघडते.

३. आसावर ग्रॅफाइटची कोरडी पूड लावावी. ग्रॅफाइटमधील कार्बनचे थर एकमेकांवरून सहज सरकतात. तेलास मात्र धूळ चिकटते. पूड नाकात जाऊ देऊ नये.

४. खिळा सरळ बसवावा आणि चाक व गाडीचे अंग यांत किंचित फट ठेवावी.

प्रत्येक फेरफारानंतर चाक बोटाने फिरवून ते किती सेकंद फिरते, हे मुलांनी वहीत लिहावे. एका वेळी एकच बदल करावा. नाहीतर कोणत्या उपायाचा गुण आला, हे कळणार नाही.

घर्षण हे सर्वस्वी शत्रू आहे, असा ग्रह मात्र होऊ देऊ नये. चाक जमिनीवर न घसरता फिरते, तेही घर्षणामुळेच. बैलगाडीच्या आसास वंगण का घालतात, हे मुलांस विचारावे. नागपूरकडे तान्ह्या पोळ्यास मुले चाकांचे लाकडी बैल मिरवितात. त्या चाकांवरही असा प्रयोग करता येईल.

एक दक्षता आवश्यक आहे. धारदार हत्यार वडिलांनी वा गुरुजींनी हाताळावे. परंतु घासणे, फिरविणे व मोजणे ही कामे मुलाचीच असावीत. मोठ्यांनी सजविलेली गाडी शर्यत जिंकेल, पण मुलाच्या हाती त्यातले ज्ञान येणार नाही. स्वतः घासलेले चाक दोन सेकंद अधिक फिरले, तर तो धडा त्यास सहसा विसरावयाचा नाही.