एका घरातले दोन उन्हाळे

कोजागरी आटोपून आकाशकंदील लावायच्या दिवसांत उन्हाळ्याचे रडगाणे कशाला, असे वाचक म्हणतील. पण घराला रंग काढायचे आपले दिवस हेच. भिंतींवर होणाऱ्या खर्चातला थोडा गच्चीवर गेला, तर पुढचा मे महिना पुष्कळ सुसह्य होतो, एवढेच मला सांगायचे आहे.

आमचे घर भिवंडी तालुक्यात वडप्याला, मुंबई-नाशिक महामार्गाच्या बाजूला. घराचे दोन तुकडे आहेत. मागचा जुना, मंगलोरी कौलांचा, माजघरावर लाकडी माळा असलेला. आणि पुढचा अलीकडे बांधलेला, स्लॅबचा. नव्या भागातली पश्चिमेची खोली सासूबाईंना दिली, कारण तिला लागूनच न्हाणीघर आहे. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. पण एप्रिल लागला की त्या मध्यरात्री उशी काखोटीला मारून अंधारात उंबरठे ओलांडीत जुन्या माजघरात जाऊन निजायच्या. या वयात एखादा पाय चुकला म्हणजे काय होते, ते सांगायला नको. घरच्या मंडळींनी निदान केले, “जुन्या घराची माया!”

मराठीची प्राध्यापिका असल्यामुळे मायेवर मी तासभर बोलू शकते. तरी बाजारातून दोन तापमापके आणून दोन्हीकडे टांगली. दुपारी दोन वाजता दोन्ही खोल्यांत जेमतेम एका अंशाचा फरक. रात्री दहा वाजता मात्र माजघरात ३१ आणि सासूबाईंच्या खोलीत ३५! यात मायेचा अंश किती होता कोण जाणे, पण चार अंश स्लॅबचे होते.

आपल्याकडे मेच्या मध्याला सूर्य भर माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. म्हणजे उन्हाचा खरा मारा छपरावर. दक्षिणेची भिंत त्या दिवसांत जवळजवळ सुटते. काँक्रीट जड. ते दिवसभर ऊन पिते आणि ती उष्णता खालच्या अंगाला पोचायला काही तास लागतात. बाहेर वारा गार होऊ लागतो तेव्हा आत छत तापत असते. चूल विझली तरी तवा काही वेळ चटका देतो, तसे. कौल पातळ. ते लवकर तापते आणि दिवस मावळताच लवकर निवते. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, आणि मधला माळा उरलेली धग अडवतो. ही कौले मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कारखाना काढला तेव्हापासूनची. म्हणजे आपण ज्यांना ‘आजोबांच्या वेळची’ म्हणतो, तीही एके काळी नवी टूमच होती.

पंखा खोली थंड करीत नाही. तो घाम वाळवतो, म्हणून आपल्याला गार वाटते. आणि छताखाली साचलेली गरम हवा खाली ढकलतो ती वेगळीच. पाण्याचा कूलर नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या हवेत वरदान आहे, पण आमच्या दमट कोकणपट्टीत तो अंग चिकट करण्यापलीकडे फारसे काही करीत नाही. वातानुकूलन यंत्राशी माझे वैर नाही; पण वर स्लॅब तापलेला असला, की ते अर्धी रात्र माणसांसाठी नव्हे, स्लॅबसाठी चालते, आणि बिल आपण भरतो.

तेव्हा ऊन स्लॅबपर्यंत पोचण्याआधीच अडवायला हवे. होळीच्या आधी गच्ची घासून धुतली आणि चुन्यात थोडा डिंक घालून दोन हात दिले. पांढरा रंग ऊन परतवतो, याहून यात दुसरे गुपित नाही. पावसाने चुना जातो, दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. ते मनाशी धरूनच चालावे.

पश्चिमेच्या खिडकीने जास्त छळले. उतरते ऊन तिरपे येते, त्याला वरचा छज्जा अडवू शकत नाही. खिडकी बंद करावी, तर संध्याकाळचा समुद्राकडचा वाराही तिकडूनच. आतून जाड पडदा लावला, तर ऊन काचेतून आत आलेलेच असते. पडदा तापतो आणि खोलीला तापवतो. शेवटी बांबूची चीक खिडकीच्या बाहेरून टांगली. ऊन अडले, वारा अडला नाही. रात्री टेबलपंखा त्याच खिडकीत बाहेर तोंड करून ठेवतो. शेजारणी हसल्या, पण तो आतली गरम हवा बाहेर फेकतो आणि माजघराच्या दारातून गार हवा ओढून घेतो. या मेमध्ये रात्री दहाचा पारा ३२ वर होता.

हे ज्ञान काही नवे नव्हे. आमच्या अवतीभोवती भाताच्या खाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली आहेत. त्यांच्या छपरांवर वाऱ्याने गरगर फिरणारे लोखंडी गोळे दिसतात, ते आतली गरम हवा बाहेर काढण्यासाठीच. खोक्यांची एवढी काळजी. घरातली म्हातारी माणसे मात्र “सोसायची सवय असते त्यांना” म्हणून सोडून द्यायची! वास्तविक म्हातारपणी घाम कमी येतो, तहान उशिरा कळते, आणि उष्म्याचा घाला आधी त्यांच्यावरच पडतो. सरकारलाही हे सुचले आहे. २०१८ सालच्या ‘इको निवास संहिते’त नव्या घराच्या छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातली आहे, आणि तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले.

कल्याण-डोंबिवलीकडे वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची अडचण निराळी. गच्ची सोसायटीची, आणि चुन्याचा खर्च खालच्यांनी का सोसावा, यावर सभेत रणे माजतात. अशा वेळी दोन तापमापके सभेत घेऊन जावीत. मायेपेक्षा आकड्यांना लोक लवकर मान देतात.

सासूबाई आता आपल्या खोलीत निजतात. चीक तेवढी त्यांना पसंत नाही. रस्त्यावरून कोण गेले ते दिसत नाही म्हणतात. आणि आमच्या पत्र्याच्या स्वयंपाकघराचा निकाल अजून लागायचा आहे. तिथला पारा मी घरात कोणाला सांगितलेला नाही. मार्चमध्ये सांगेन, गवंडी मोकळा असेल तेव्हा.