पन्नाशीनंतर काम बदलताना



भिलाईत सकाळी फिरायला निघालं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. बोलणारा पंचावन्न-छपन्नचा, प्लांटमध्ये तीसेक वर्षं झालेला, मुलं पुण्या-बंगळूरला. "कर्नलसाहेब, ड्यूटीत आता जीव रमत नाही. पण साठपर्यंत ढकलायचं." इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्या काळात नागपूर-भंडाऱ्याकडून आलेल्या मराठी माणसांची पुढची पिढी आता या वयात आहे. नोकरी म्हणजे त्यांच्यासाठी नुसता पगार नाही. राहायचं क्वार्टर आणि सेक्टर ९ चं हॉस्पिटलही तिच्याशी बांधलेलं आहे. त्यामुळे "सोडून द्या" हा सल्ला देणाऱ्याला काही लागत नाही, घेणाऱ्याला पुष्कळ लागतं.

फौजेत साठपर्यंत ढकलायची सोयच नसते. शिपाई साधारण पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. कर्नल ५४ व्या वर्षी, ब्रिगेडियर ५६ व्या वर्षी. म्हणजे दुसरं काम शोधणं ही आमच्याकडे नेहमीची बाब आहे. म्हणून संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या आधीच्या काळात वेगवेगळे अभ्यासक्रम देतं. अधिकाऱ्यांसाठी आयआयएमसारख्या संस्थांत २४ आठवड्यांचा व्यवस्थापनाचा कोर्सही असतो. यात घेण्यासारखी गोष्ट एकच आहे. तयारी पगार चालू असताना होते, राजीनाम्यानंतर नाही.

पण त्याआधी मूळ प्रश्न. उत्साह गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

सगळ्याच गोष्टींतून मन उडालं असेल, म्हणजे जेवण, गाणं, नातवंडं, झोप, तर तो नोकरीचा प्रश्न नाही. आधी डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, साखर तपासा आणि नैराश्याबद्दलही मोकळेपणाने विचारा. आपल्याकडे पुरुषमाणूस हा शब्द उच्चारत नाही. राजीनामा देतो, पण डॉक्टरकडे जात नाही. दुसरी शक्यता साध्या थकव्याची. सलग तीन आठवडे रजा घ्या. परतल्यावर महिनाभर बरं वाटलं तर रजा हवी होती, नवं काम नको होतं. चौथ्या दिवशीच पुन्हा तोच जडपणा आला तर मात्र विचाराला लागा.

माझं ५१ व्या वर्षी असंच झालं. सकाळी वर्दी चढवायचो, दिवसभर काम व्हायचं, पण मागे काही उरायचं नाही. तेव्हा मी एका वहीत महिनाभर रोज लिहिलं: आज कोणत्या तासाला घड्याळ पाहिलं नाही? उत्तर जवळजवळ दर वेळी एकच निघालं. तरुण पोरांना नकाशावाचन शिकवताना. आणि घड्याळ सारखं कधी पाहिलं? फायली, ऑडिटच्या हरकती, चौकशीची कागदपत्रं. बढतीबरोबर पहिलं काम कमी होत गेलं आणि दुसरं वाढत गेलं. सैनिकी पेशावरचं माझं मन उडालेलंच नव्हतं. त्यातला जो भाग मला आवडायचा, तो माझ्याकडे राहिला नव्हता, एवढंच. हे बहुतेक पेशांत होतं. चांगला फिटर फोरमन होतो, चांगला शिक्षक मुख्याध्यापक होतो, आणि हातातलं काम सुटतं.

निवृत्तीनंतर मी बी.एड. केलं. ५५ व्या वर्षी, बावीस-तेवीसच्या मुलामुलींच्या बाकावर. दोन वर्षं लागली. पहिले काही दिवस सगळी वर्गात मला पाहून उठून उभी राहायची; त्यांना वाटायचं प्राध्यापक आले. मग इथल्या एका खासगी शाळेत भूगोल शिकवायला लागलो. पहिला पगार माझ्या निवृत्तिवेतनाच्या चौथ्या हिश्श्याइतकाही नव्हता. फौजेतून बाहेर पडल्यावर सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी मिळू शकते, पैसाही बरा असतो. पण तिथे पुन्हा फायलीच होत्या.

मराठी माणसांत या वाटेनं गेलेले मोठे लोक आहेत. श्रीपाद दामोदर सातवळेकर जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार. आधी हैदराबादला आणि नंतर लाहोरला त्यांनी त्या कलेवर संसार चालवला. १९१८ च्या सुमारास, पन्नाशी उलटल्यावर, ते औंधला आले आणि स्वाध्याय मंडळ काढून वेदांचं भाषांतर-प्रकाशन हेच त्यांनी काम केलं. मात्र संस्कृत त्यांनी पन्नाशीत सुरू केलं नव्हतं. कुंचला हातात असतानाच त्यांचा तो अभ्यास आणि लेखन चालू होतं. १९६८ साली ते गेले तेव्हा वय १०० होतं. म्हणजे दुसरं काम पहिल्यापेक्षा जास्त वर्षं चाललं.

शरद जोशींचं उदाहरण चाळिशीतलं, पण शिकवणारं. स्वित्झर्लंडमधल्या बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत भरपगाराची नोकरी. त्या कामावरचा विश्वास उडाला, ती सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि शेतीचा पै-पैचा हिशेब ठेवला. हिशेब तोट्याचा निघाला, आणि त्या तोट्याचं कारण शोधण्यातून पुढे शेतकरी संघटना उभी राहिली. ते गेले शेती करायला, झालं भलतंच. पन्नाशीत बाहेर पडणाऱ्यानं एवढी जागा मनात ठेवावी.

आता पैसा, कारण घरात पहिला प्रश्न तोच येतो. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी मिळते. दहा वर्षांची नोकरी असेल तर ५० नंतर लवकर घेता येते, पण कमी असलेल्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात, आणि ती कायमची. मुळात ती रक्कम लहान, तिला कात्री लावू नका. फौजेत निवृत्तिवेतनाचा निम्म्यापर्यंत भाग एकरकमी घेता येतो, तो १५ वर्षांनी पूर्ववत होतो. ही रक्कम हातात पडल्या पडल्या ढाबा, कुक्कुटपालन, मेहुण्याबरोबर भागीदारी यात गेलेली मी बरीच पाहिली. माझं मत कडक आहे: या वयात नव्या कामात वेळ घालावा, साठवण घालू नये. आणि क्वार्टर सोडल्यावर राहणार कुठे, आजारपणाचा खर्च कोण देणार, याची उत्तरं कागदावर हवीत. अंदाजाने नकोत.

पैशापेक्षा एक गोष्ट जड जाते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मुख्याध्यापिका माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होत्या. रजेचा अर्ज त्यांच्याकडे द्यायचा, वहीवर सही करायची, उशीर झाला तर कारण सांगायचं. घरी माझी पत्नी म्हणाली, "आता कळलं ना तुमच्या कॅप्टनांना कसं वाटायचं?" ज्याला हे सोसणार नाही, त्यानं साठपर्यंत आहे तिथेच राहावं आणि मन रमेल असं काम संध्याकाळी करावं. त्यातही कमीपणा नाही. सेक्टरमधले माझे एक मित्र तेच करतात. रात्रपाळी नसेल त्या संध्याकाळी दोन तास वस्तीतल्या मुलांना वेल्डिंग शिकवतात. निवृत्तीला चार वर्षं आहेत, आणि परवा त्यांनी मला दोन जुन्या मशीन कुठे स्वस्तात मिळतील असं विचारलं.